दुसऱ्या अंकातला वारा

वलांडीवर पुन्हा बोंबील चढलेत.

दिवाळी सरली, हवेतला ओलसरपणा गेला, की आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बांबूंचे उंच मांडव उभे राहतात. त्यांना आम्ही वलांडी म्हणतो. दोन ओले बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ लागत नाही, चिमटा लागत नाही. ते मासे एकमेकांना असे धरून ठेवतात की दिवसभराच्या वाऱ्यातही जोडी सुटत नाही. त्यांच्याखाली पायरीवर बसून मी परीक्षेचा अभ्यास करते, एक डोळा पुस्तकावर आणि एक कावळ्यांवर. किल्ला बघायला आलेल्या गाड्या आमच्या गल्लीजवळ आल्या की त्यांच्या काचा वर जातात. आतल्या माणसांची तोंडं बंद काचेतूनही वाचता येतात.

या दिवसांत आम्हाला वासाचा त्रास होत असेल असं लोकांना वाटतं. मला होत नाही. मला त्रास होतो तो मोगऱ्याचा. फुलातल्या नाही, डब्यातल्या. परवा कॉलेजजवळच्या नव्या दुकानात वही घ्यायला गेले, तर तिथल्या मुलाने दारातच फुस्स करून तो फवारा मारला. मी वही न घेताच बाहेर आले. मैत्रिणीने विचारलं, काय झालं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, असंच. दुकानाच्या पायरीवर उभं राहून एवढी मोठी गोष्ट कशी सांगायची मला कळलं नाही. इथे तरी नीट सांगता येते का बघते.

आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. किळस हा शब्द मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले, आणि तो बहुतेक वेळा आमच्याबद्दल असायचा. किळस आम्हालाही येऊ शकते, ती आमच्याकडून दुसऱ्या दिशेलाही जाऊ शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते गेल्या वर्षी आलं, याच दिवसांत, मंडळाच्या तालमींच्या वेळी.

मंडळ म्हणजे आमच्या भागातलं जुनं नाट्यमंडळ. गावातल्या बागायतदार घरांनी आणि काही मास्तरांनी मिळून काढलेलं. दरवर्षी थंडीच्या तोंडाला मैदानात त्यांचं तीन अंकी नाटक व्हायचं. मैदानावर इमारत आली तेव्हा ते शाळेच्या सभागृहात गेले. गेल्या वर्षी मंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्यांनी ठरवलं की उरलेल्या मैदानात पुन्हा उघड्यावर कार्यक्रम करायचा, आणि नेहमीचं नाटक न करता इथल्याच गोष्टी दाखवायच्या. बागेतल्या, खाडीतल्या, मिठागरातल्या, बंदरातल्या. दिलीपसर दिग्दर्शक. ते आमच्या कॉलेजात येऊन बोलले. आपल्या मातीला तिचा आवाज द्यायचाय, असं म्हणाले. मला ते फार आवडलं. पाचूबंदरातून कोण गोष्ट आणेल असं त्यांनी विचारलं, तेव्हा हात वर करायला मला वेळ लागला, पण केला.

मी गोष्ट आणली ती इंदूकाकीची. इंदूकाकी माझ्या थोरल्या काकांची बायको. तिचं माहेरही इथलंच, चार घरं सोडून. ती मासे विकते, आधी डोक्यावर टोपली घेऊन बागांमध्ये जायची, आता बाजारात ओट्यावर बसते. ती बोंबील अडकवत होती आणि मी फोन समोर धरून बसले होते. फोनकडे न बघता तिने सांगितलं ते असं.

ती लहान असल्यापासून मंडळाच्या नाटकाला जायची. मैदानाच्या उत्तरेला रंगमंच. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला पश्चिम, म्हणजे दर्याची बाजू. तिकडे खुर्च्या, मंडळाची माणसं. उजव्या हाताला पूर्व. तिकडे आमची माणसं, गोणपाटावर. कुठे पाटी नव्हती की कोणी काही बोलायचं नाही. नुसता हात दाखवायचे, इकडे बसा. संध्याकाळी वारा दर्यावरून येतो. आमचा वास आमच्याही पलीकडे पूर्वेला निघून जावा, खुर्च्यांवर जाऊ नये, एवढाच त्यातला विचार. शाळेत भूगोलाच्या बाईंनी खारे वारे आणि मतलई वारे शिकवले, तेव्हा बाण काढून दाखवले होते. दिवसा दर्याकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून दर्याकडे. त्या बाणांवर माणसंही बसवता येतात हे पुस्तकात नव्हतं.

"पन ते इसरले की आमी कोली," काकी म्हणाली. "वारा कधी फिरतो ते आमाला इचारा."

थंडीच्या दिवसांत अंधार पडल्यावर दर्याचा वारा पडतो. थोडा वेळ पान हलत नाही. मग जमिनीकडचा वारा सुटतो, पूर्वेकडून. तोवर नाटकाचा दुसरा अंक चालू झालेला असायचा. सगळी गोणपाटं त्याचीच वाट बघायची. म्हातारे टांगलेली बत्ती कुठे झुलते ते बघायचे, बाया मानेवरचे केस सारून बसायच्या, पोरं एकमेकांना कोपर मारायची. आणि मग तो यायचा. आमच्या अंगावरून, आमच्या गोणपाटावरून, सरळ खुर्च्यांवर. पहिल्या रांगेतला एक रुमाल निघायचा. मग दुसरा. मग ओळीने सगळे. समोर नायक मरत असायचा, बायको त्याच्या छातीवर डोकं आपटत असायची, आणि आमची अख्खी बाजू खो खो हसायची.

मंडळाच्या जुन्या माणसांनी त्याचा अर्थ असा लावला की डावीकडचे रुमाल डोळ्यांना लागतात आणि उजवीकडच्यांना नाटकच कळत नाही. कोळ्यांना शोकांतिका झेपत नाही असं कोणीतरी भाषणात म्हणालंही होतं. काकीने ते भाषण गोणपाटावर बसून ऐकलं होतं. तेव्हा ती परकर नेसायची. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. एकदा त्या रंगमंचावर चढायचं आणि त्यांना सांगायचं, आम्ही नाटकाला हसत नव्हतो.

मी ते सगळं उतरवून दिलीपसरांना दिलं. त्यांनी वाचलं, दोन ठिकाणी हसले, फार कच्चं आणि खरं आहे म्हणाले. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी बंदरावरून चालत घरी आले आणि काकीला सांगितलं, घेतली तुझी गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतली हिरवी साडी काढून उन्हात टाकली.

तालमीला काकी आणि मी गेलो तेव्हा गोष्टीतला वारा गेलेला होता. तिथे एक प्रहसन होतं. कोळीण, म्हणजे काकी, टोपली घेऊन नव्या इमारतीत येते, वरच्या मजल्यावरची बाई नाक धरून भाव करते, कोळीण कमरेला हात लावून ओरडते, बाई घाबरते, मागून पाच मुली चमचमत्या साड्यांत नाचत येतात. दिलीपसरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. अगदी प्रेमाने. की बसण्याबिसण्याचं ते जुनं झालं, आता तसं कोणी मानत नाही, पन्नासाव्या वर्षी पाहुण्यांसमोर उकरून काढणं बरं दिसत नाही, आणि शेवटी लोकांना हसून घरी जायचं असतं. मी म्हटलं, हो सर. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. ते इतकं नीट बोलत होते की नाही म्हणायला जागाच नव्हती.

काकीला मी सांगितलं की नको करूया. ती म्हणाली, "चढायला तर मिलतंय ना?"

ती बाजारातून घरी यायची, अंघोळ करायची, पावडर लावायची, गजरा माळायची आणि मग तालमीला यायची. तरी ती आत आली की कोणीतरी खिडकी उघडायचं. एकदा थर्माकोलचे मासे रंगवून आणले, गुलाबी, लांब पापण्यांचे. काकीने एक हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, हा कुठला म्हणायचा. रंगवणारा म्हणाला, जनरल मासा आहे मावशी. काकीने तो टोपलीत ठेवला आणि म्हणाली, ताजा दिसत नाय. आम्ही दोघीच हसलो.

पण एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. इमारतीतल्या बाईचं काम करणारी मुलगी चांगली होती, माझ्याच वयाची, माझ्याशी गोड बोलायची, आमच्याकडची कोलंबी तिला फार आवडते असं सांगायची. तिचं नाक धरणं दिलीपसरांना पटत नव्हतं. ते म्हणाले, अजून वर धर, शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. तिने धरलं. ते म्हणाले, नुसतं धरू नकोस, आधी वास येऊ दे, मग चेहरा, मग बोटं. तिने पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. मग सगळ्यांनी एकदा करून बघितलं, प्रत्येकाची आपापली तऱ्हा, आणि हशा पिकला. एवढा सगळा वेळ इंदूकाकी त्यांच्यासमोर हिरव्या साडीत टोपली घेऊन उभी होती, कारण नाक कोणाकडे बघून धरायचं ते ठरवायला समोर कोणीतरी हवं होतं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. आणि तिथे मला पहिल्यांदा शिसारी आली, खरीखुरी. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी आम्हाला चहा दिला होता, त्यांच्याच कपांत. म्हणून तर ती जास्त आली. वाईट माणसाचा राग येतो आणि जातो. चांगल्या माणसांच्या हसण्यातलं हे काहीतरी अंगाला चिकटतं आणि धुवून जात नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मला स्वयंसेवक म्हणून बिल्ला मिळाला आणि हातात एक डबा दिला. मोगऱ्याचा फवारा. उजवीकडच्या भागात मधूनमधून मारत राहा, म्हणाले, पाहुणे आहेत. मी उजवीकडे बघितलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरी बांधलेली, त्यावर छापलेली पाटी, पाचूबंदर विभाग. त्यांच्या मागे मंडळाने माशांचा स्टॉल लावला होता, तळलेले बोंबील, सुकं, खास आपली चव. तुमच्या लोकांना स्टॉल जवळ पडेल म्हणून तिकडची बाजू दिली, असं मला कोणीतरी कौतुकाने सांगितलं. डाव्या बाजूला सोफे होते, वर स्वच्छ टॉवेल अंथरलेले. वारा डावीकडून येत होता.

पन्नास वर्षं. गोणपाटाच्या खुर्च्या झाल्या होत्या. बाकी कोणी काही ठरवलं नव्हतं, असं मला वाटतं. म्हणजे आठवून, मुद्दाम कोणी केलं असेल असं नाही. हात आपोआप त्या दिशेला गेला असेल.

डबा मी हातात धरून ठेवला. दाबला नाही. तो मोगरा नव्हताच मुळी. काकी टोपली घेऊन बागांत जायची तेव्हा एक म्हातारी बाई तिला रोज ओंजळभर कळ्या द्यायची. मासे विकून हलक्या झालेल्या टोपलीत, खवल्यांना चिकटून त्या कळ्या घरी यायच्या आणि रात्री उमलायच्या. आमच्या माजघरात दोन्ही वास एकाच वेळी असायचे. कोणी कोणाला मारत नव्हतं.

काकीचा प्रवेश आला तेव्हा दिवे लागले होते. मी विंगेत तिच्या मागे उभी होते. ती समोर कुठेच बघत नव्हती, वर बघत होती, मैदानावर दोऱ्यांना लावलेल्या कागदी पताकांकडे. त्या मघापासून पूर्वेकडे फडफडत होत्या. आता त्यांचा जोर गेला होता. तिने टोपली उचलली आणि गेली.

मधोमध जाऊन तिने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि जमिनीवर बसली. तिने ओरडायचं होतं. ती ओरडली नाही. मुलगी आली, वास, चेहरा, बोटं, सगळं बरोबर केलं आणि आपलं वाक्य बोलली. काकी पताकांकडे बघत होती. मुलीने वाक्य पुन्हा म्हटलं. पडद्यामागून दिलीपसर काकीचं वाक्य कुजबुजू लागले, आधी हळू, मग दात ओठ खाऊन. लोक हसले. मग हसायचे थांबले. पताका सरळ लोंबत होत्या, एकही हलत नव्हती. उजवीकडे मात्र आमची माणसं खुर्च्यांत पुढे सरकली होती. म्हाताऱ्या माणसांनी माना वर केल्या होत्या. काही बाया मानेवरचे केस बाजूला सारत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

एक पताका हलली. मग सगळ्या एकदम, उलट्या बाजूला.

स्टॉलवरचं तेल, सुके बोंबील, आमच्या साड्या, आमचे केस, सगळ्यावरून तो थंड वारा मैदान ओलांडून सोफ्यांपर्यंत गेला. पहिल्या रांगेत एक रुमाल निघाला. काकीने तो बघितला.

"फिरला," ती म्हणाली. माइक तिच्या गळ्यात होता, त्यामुळे हळू बोललेलंही सगळीकडे गेलं. "पन्नास वरसं आमाला त्या बाजूला बसवलंत. तुमाला वाटलं वारा तुमचा हाय. दुसऱ्या अंकात तो दर वरसाला फिरायचा. तुमी रुमाल काढायचात, आनि आमी हसायचो. नाटकाला नाय. तुमाला."

उजवी बाजू हसली. अगदी तशीच हसली, काकी सांगते तशी, पोटातून. मला वाटलं आता काहीतरी होईल. कोणीतरी उठेल, निदान मान खाली घालेल. आणि मग डावी बाजू टाळ्या वाजवू लागली. जोरात, बराच वेळ. कोणीतरी शिट्टीही मारली. त्यांना ते फार आवडलं होतं. माझ्या शेजारी दिलीपसरांचा चेहरा भीतीने पांढरा झालेला होता, तो टाळ्यांबरोबर हळूहळू फुलत गेला. ते कोणाला तरी म्हणाले, हा पॉज मला हवाच होता, बाईंकडून काढून घेतला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, दगड मारले असते तरी. तिने आयुष्यभर जपलेली गोष्ट त्यांच्या तोंडावर फेकली आणि त्यांनी ती झेलून, चाखून, वा म्हटलं. तळलेल्या बोंबलाला म्हणतात तसंच.

काकी विंगेत परत आली नाही. ती पुढच्या पायऱ्यांनी खाली उतरली आणि डाव्या बाजूच्या पहिल्या सोफ्यावर, टॉवेलवर, पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसली. हिरवी साडी, कपाळाला घाम, मांडीवर गुलाबी माशांची टोपली. पुढचे सगळे प्रवेश तिने समोरून बघितले. आभाराची भाषणंसुद्धा. तिने मला हाताने खूण केली, ये, बस. मी डबा विंगेतल्या खुर्चीवर ठेवला आणि गेले. सोफा फार मऊ होता. पाहुण्यांनी शेवटपर्यंत रुमाल नाकावरून काढला नाही. रंगमंचावरून बघणाऱ्याला वाटलं असेल, ते रडतायत.

घरी येताना काकीने मला विचारलं, "त्यांना कललं काय गो?"

मी म्हटलं, टाळ्या तर वाजवल्या.

ती म्हणाली, "ते मी बगितलं. मी इचारलं काय?"

आजही, पायरीवर बसून कावळे हाकताना, मी तेच घोळवत असते. वर्षभरात काकीचं ते बोलणं किती तरी फोनांवर फिरलं. कॉलेजात एका मुलाने मला ते दाखवलं आणि म्हणाला, ही आजी भारी आहे, तुमच्याकडचीच ना. बोलताना तो माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसला होता. मला वाटतं त्याच्याही लक्षात आलं नसेल.

आता या वर्षीचं सांगायचं तर गेल्या आठवड्यात दिलीपसरांचा फोन आला. तो कार्यक्रम त्यांना एका मोठ्या महोत्सवात न्यायचाय, विरारच्या एका बंद, वातानुकूलित सभागृहात. काकींचा तो वाऱ्याचा प्रवेश हवाच, म्हणाले, त्याच्याशिवाय काही नाही. आत वारा कुठून येणार असं मी विचारलं. त्यांनी त्याचा विचार केला होता. लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा मोठा पंखा लावायचा, पताका हलतील. पंख्यापुढे थोडी सुकट ठेवायची, म्हणजे प्रेक्षकांना खरा अनुभव मिळेल. शेवटी मोगरा मारून हॉल मोकळा करून घेऊ, तेवढं तू बघ, असंही म्हणाले. त्यांचा आवाज फार उत्साही होता. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

काकी बोंबील अडकवत होती. मी तिला सगळं सांगितलं, सुकटीचंसुद्धा. मला वाटलं ती चिडेल. तिने दोन जबडे एकमेकांत बसवले, जोडी दोरीवर टाकली, ओढून बघितली.

"पंखा कुठल्या बाजूला लावनार, ते इचार."

मी विचारलं. त्यांनाच परत फोन लावून. मग ते म्हणाले की हा तसा तांत्रिक प्रश्न आहे, बघून कळवतो.

अजून कळवलेलं नाही. पहिली खेप वाळून उतरली, काल दुसरी चढली. संध्याकाळी दिवे लागले की काकी दोरीखाली उभी राहून माझ्याकडे बघते आणि नुसती भुवई उडवते. मी नाही अशी मान हलवते. मग वारा फिरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसतो.